सहाशे सतरा कंपन्यांची टपालपेटी

“फट एवढीच ठेवा. कागद सरळ आत जावा, पण कुणाचा हात जाऊ नये. लोकांची सुखदुःखं असतात हो त्यात.”

मित्रांनो, या जगात मी ऐकलेले हे पहिले वाक्य. पत्र्याचे डबे, नरसाळी आणि पेट्या बनवणाऱ्या एका कारागिराला त्याची बायको हे सांगत होती. तिने स्वतःचे बोट आडवे धरून माप दाखवले. कारागीर म्हणाला, “पेटी मी करतोय की तू?” पण फट त्याने तिच्या बोटाएवढीच ठेवली.

मी एक जुनी टपालपेटी आहे. रस्त्याच्या कडेला उभी राहून गावभरची पत्रे गिळणारी ती लाल, ढेरपोटी पेटी मी नव्हे. ती आमच्यातली थोरली जाऊ. मी धाकटी. एका दुमजली इमारतीच्या जिन्यात, पहिल्या वळणावर, दोन खिळ्यांवर माझा संसार होता. पोस्टमनने माझ्या पोटात पत्र टाकायचे आणि ज्याचे त्याने काढून न्यायचे, एवढेच माझे काम. अंगाला हिरवा रंग, पुढे छोटे दार, दाराला कडी. कुलूप नव्हतेच. दुसऱ्याचे पत्र आपण काढावे असे तेव्हा कुणाच्या मनातही येत नसे.

तळमजल्यावर सरकारी दवाखाना होता. दोन खोल्या, एक लाकडी बाक, एक वजनकाटा, आणि भिंतीवर डोळे तपासायची मोठ्यापासून लहान होत गेलेली अक्षरे. वरच्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहत आणि एक घड्याळे दुरुस्त करणारे आजोबा. दवाखान्याला तपासण्यांचे अहवाल यायचे. बाईंना लांब दिलेल्या लेकीची पत्रे यायची. त्या तिथेच जिन्यात उभ्या राहून वाचायच्या आणि एकट्याच मोठ्याने हसायच्या. आजोबांना कुणाचे पत्र येत नसे, तरी ते रोज माझे दार उघडून पाहायचे. कडी परत लावताना म्हणायचे, “उद्या, काय?” त्या दोन शब्दांवर मी रात्र काढायची.

दवाखान्यातल्या परिचारिकेला सगळे सिस्टर म्हणत. डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस यायचे. बाकीचे दिवस सिस्टर म्हणजेच दवाखाना. तिचा एक नेम होता. सकाळी पहिल्या रोग्याला तपासून औषध दिल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे. हा नेम तिने कधी धरला, का धरला, कुणाला ठाऊक नव्हते. पण उन्हाळ्यात दुपारपर्यंत रोगीच आला नाही, तर ती ओठ कोरडे करून दारात उभी राहिलेली मी पाहिली आहे. मग रस्त्यावरून कुणी तरी खोकत यायचे आणि तिला केवढा आनंद व्हायचा!

पोस्टमनभाऊंचा माझ्यावर जीव होता. “या पेटीत टाकलेलं पत्र वाकत नाही की भिजत नाही,” असे ते जिना चढता-उतरताना येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. माझी स्तुती ऐकून मला लाजल्यासारखे व्हायचे. अशी माझी वीस-बावीस वर्षे गेली. देवाने मला पत्र्याचे शरीर दिले, पण दिवस सोन्याचे दिले.

मग संसदेत आमच्या गावाचे भले करायचे ठरले.

हे मी कुजकटपणाने म्हणत नाही. ठरवणाऱ्यांच्या मनात चांगलेच असेल. आमचा भाग मागे पडलेला. कारखाना नाही, कचेऱ्या नाहीत, शिकलेली मुले गाव सोडून जातात. म्हणून कायदा झाला की जी कंपनी आपले मुख्य कार्यालय या भागात उघडेल, तिला नफ्यावरचा कर माफ. कंपन्या येतील, त्यांच्यामागून कामे येतील, असा विचार होता. आता कार्यालय कशाला म्हणायचे, हे कायद्यात लिहावे लागते. तिथे लिहिले होते, “कार्यालय म्हणजे कंपनीचा माणूस बसू शकेल अशी जागा.”

मित्रांनो, ‘बसू शकेल’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. माझ्या आयुष्याची माती त्यांनी केली.

तोवर शिवणाऱ्या बाई लेकीकडे राहायला गेल्या होत्या आणि घड्याळवाले आजोबा देवाघरी गेले होते. वरचा मजला रिकामा पडला होता. एके दुपारी चकचकीत बूट घातलेले एक वकील जिना चढून आले. वरच्या खोलीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. मला पाहिले. बोटाने टिचकी मारली.

“किती पत्रं मावतील हिच्यात?” त्यांनी घरमालकाला विचारले.

“मावतील पन्नास-साठ. पण साहेब, खोली तर बघा. चांगली हवेशीर आहे.”

“खोली राहू द्या. ही भिंत कशी देता भाड्यानं?”

घरमालक खो खो हसला. वकील हसले नाहीत. मग भाडे ठरले.

वकिलांनी माझ्या दाराला कुलूप घातले. माझ्या खाली एक लाकडी स्टूल ठेवले आणि ते साखळीने भिंतीला बांधून टाकले. मग माझ्या कपाळावर पहिली चिठ्ठी डकवली. एका चहा विकणाऱ्या कंपनीचे नाव आणि खाली दोन शब्द: मुख्य कार्यालय. झाले! स्टुलावर माणूस बसू शकतो, म्हणजे कार्यालय उघडले. पहिल्या आठवड्यात नऊ चिठ्ठ्या लागल्या. कपाळ पुरेना, गाल पुरेनात, तेव्हा छापील यादीच चिकटवली. बुटांच्या कंपन्या, जहाजांच्या कंपन्या, विम्याच्या, सिमेंटच्या, सिनेमांच्या. सगळ्यांचे मुख्य कार्यालय मी. शेवटचा आकडा सहाशे सतरा. आणि सहाशे सतरा कंपन्यांना मिळून एक स्टूल.

गावाने वकिलांचे नाव ठेवले ‘पत्तेवाले साहेब’. ते पत्ते विकतात म्हणूनही, आणि पत्ते पिसावेत तसे कागद पिसतात म्हणूनही.

खोटे कशाला बोलू, सुरुवातीला मला थोडा गर्व झाला. एवढी मोठी मोठी नावे माझ्या अंगावर! पोस्टमनभाऊंनी तो एका वाक्यात उतरवला. माझ्या फटीत लठ्ठ लिफाफे कोंबत ते म्हणाले, “काय गं पोरी, मोठ्या घरी पडलीस. पण घरात माणूस दिसत नाही एकही.”

एकदा सिस्टर वर आली आणि यादीवरून बोट फिरवत वाचू लागली. मध्येच थांबली.

“अगं बाई! ही तर सलाइनवाली कंपनी. म्हणजे हे आमचे शेजारी! भाऊ, गेल्या महिन्यात मी यांना फोन केला होता. बाटल्या संपल्यात, पाठवा म्हटलं. तर म्हणतात, तुमच्या भागात आमचा एकही माणूस नाही.”

“सिस्टर, ते खरंच बोलले की,” पोस्टमनभाऊ म्हणाले. “असा खरेपणा कुठं मिळतो आजकाल?”

दोघे हसले. मला हसू आले नाही. ज्या कंपन्यांचा कर माफ झाला त्या आमच्या भागात नव्हत्याच, आणि जो दवाखाना होता त्याच्याकडे पैसे येईनासे झाले होते. आधी डॉक्टर दोन दिवसांवरून एका दिवसावर आले. मग कापूस तोलून मापून वापरायची वेळ आली. वजनकाट्याची सुई अडकू लागली, ती सिस्टर टिचकी मारून चालवायची.

मग तो लसीचा वार उजाडला. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर जागा नव्हती, रांग जिन्यापर्यंत आली होती. एक सून सासूबरोबर दोन गावे ओलांडून चालत आली होती. तिला आठवा महिना होता. घाम पुसत ती माझ्या खालच्या स्टुलावर टेकली. पहिल्यांदाच त्या स्टुलावर कुणी माणूस बसले होते. मला इतके बरे वाटले म्हणून सांगू!

तेवढ्यात पत्तेवाले साहेब आले. बरोबर कर खात्याचा तपासनीस होता. वर्षातून एकदा तो कार्यालय तपासायला येई.

“उठा, उठा. हे ऑफिस आहे,” पत्तेवाले म्हणाले.

सासूने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. “कुठंय ऑफिस?”

“तुमची सून बसलीय ते.”

“अहो, आठवा महिना आहे तिला. दोन मिनिटं टेकली बिचारी. तुमचं ऑफिस काय पळून चाललंय?”

तपासनीस वाईट माणूस नव्हता. त्याने हातातला फॉर्म पुढे केला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “मावशी, कंपनीचा माणूस बसू शकेल का, असा रकाना आहे. दुसरं कुणी बसलेलं असलं तर कसा बसू शकेल? मला ‘नाही’ लिहावं लागेल. सहाशे सतरा वेळा लिहावं लागेल हो.”

सून उठली. कठड्याला धरून, एक हात पोटाला लावून उठली. तपासनिसाने स्टूल हलवून पाहिले, डुगडुगत नाही ना याची खात्री केली. सिस्टर हातात लसीचा डबा घेऊन दवाखान्याच्या दारात उभी होती.

“साहेब,” ती शांतपणे म्हणाली, “तिथे माणूस बसू शकतं का, हेच बघायचं होतं ना? बसलं होतं की. तुम्ही उठवलंत.”

तपासनिसाने मान वर केली नाही. त्याने लिहिले, ‘जागा योग्य’.

मित्रांनो, मी पत्र्याची आहे, मला राग येत नाही असे तुम्हांला वाटेल. पण पत्रा तापतो. त्या दिवशी ऊन जिन्यात आलेलेसुद्धा नव्हते, आणि मी तापले होते. सलाइन विकून नफा कमवायचा या भागातल्या आजाऱ्यांकडून, त्या नफ्यावरचा कर माफ करून घ्यायचा याच भागाच्या नावाने, आणि याच भागातल्या गरोदर बाईला टेकू द्यायचे नाही! आणि यातले काहीही कायद्याबाहेरचे नाही. चोराला निदान भिंत फोडावी लागते. इथे भिंत भाड्याने मिळते.

पुढच्याच आठवड्यात माझ्या पोटात दवाखान्याच्या नावाचा सरकारी लिफाफा पडला. पूर्वी सिस्टरने तो तासाभरात काढून नेला असता. आता मला कुलूप होते आणि चावी पत्तेवाल्यांच्या खिशात. नऊ दिवस तो लिफाफा माझ्या आत कंपन्यांच्या पत्रांखाली दबून राहिला. साहेबांनी तो काढून जिन्यावर टाकला तेव्हा सिस्टरला मिळाला. निधीअभावी हा दवाखाना वर्षअखेर बंद करण्यात येईल, असे त्यात होते.

सिस्टर पायरीवर बसली. तिने ते पत्र दोनदा वाचले. मग आत जाऊन आमच्या भागाच्या खासदारबाईंना पत्र लिहिले.

या खासदारबाई आधी शाळेत व्याकरण शिकवत. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत, आणि निवडून आल्यावरही ते नाव सुटले नाही. पहिल्यांदाच निवडून आलेल्या, तेही सरकारी पक्षाकडून. एका सकाळी त्या कुणालाही न कळवता आल्या. जिना चढल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी यादी वाचली. मुलांची हजेरी घ्यावी तशी.

“सहाशे सतरा,” त्या म्हणाल्या. “आणि एकही हजर नाही.”

“बाई, तुमच्या व्याकरणात याला काय म्हणतात?” सिस्टरने विचारले.

“‘बसतो’ म्हणजे घडतं ते. ‘बसू शकेल’ म्हणजे घडलं तर घडलं. पोरगं मला म्हणालं ‘मी अभ्यास करू शकेन’, तर मी त्याला पास करत नसे. यांना संसदेनं पास केलं.” बाईंनी चष्मा काढून पुसला. “हा शब्द आपण काढू.”

सिस्टरने आधी बाईंकडे नीट पाहिले. मग म्हणाली, “रागावू नका. तुम्ही तिथे बोलाल, लोक टाळ्या वाजवतील, पेपरात फोटो येईल. आणि मत द्यायची वेळ आली की पक्ष सांगेल तिकडे सगळे जातील. माझ्या दवाखान्याला टाळ्यांचा उपयोग नाही.”

बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण आवाज चढला नाही.

“खरं आहे तुमचं. मग ऐका. हा शब्द कायद्यात राहिला, तर मी ‘नाही’च्या बाजूनं मत देईन. माझ्या पक्षाचं विधेयक असलं तरी. एकटी असले तरी. हे मी तुम्हांला सांगितलं, आणखी कुणाला सांगणार नाही.”

मग त्यांनी घरमालकाला बोलावून विचारले, “ही पेटी मी दिल्लगीनं नाही, कामासाठी मागतेय. नेऊ का?”

“न्या की!” घरमालक म्हणाला. “साहेबांनी भिंत भाड्यानं घेतलीय. पेटीचं बोलणंच झालं नव्हतं.”

खिळ्यांवरून उतरताना माझ्या मागची भिंत मी प्रथमच पाहिली. तिथे माझ्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन होता.

संसदेत एक रीत आहे. एखादा कागद सगळ्यांसमोर पुरावा म्हणून द्यायचा असला, तर ‘मी हा कागद पटलावर ठेवतो’ असे म्हणतात. पटल म्हणजे सभागृहाच्या मधोमधचे मोठे टेबल. बाई नव्या होत्या. त्या उठल्या, म्हणाल्या, “अध्यक्षमहोदय, मी ही टपालपेटी पटलावर ठेवते,” आणि खरोखरच मला उचलून टेबलावर ठेवले. खणकन आवाज झाला.

“सन्माननीय सदस्या, पटलावर कागद ठेवतात. सामान नाही,” अध्यक्ष म्हणाले.

“हा कागदच आहे. सहाशे सतरा नावं चिकटवलेली आहेत. फक्त पुठ्ठा जरा जाड आहे.”

सभागृह हसले. विरोधी बाकांवरून कुणी ओरडले, “बाई, किल्ली कुठाय?”

“किल्ली या बाकांवरून त्या बाकांवर फिरतेय, भाऊ. तुमचा खिसाही चाचपून बघा.”

आता फक्त अर्धे सभागृह हसले. पण अध्यक्षांनी मला राहू दिले. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत माझा फोटो होता. आठवड्याभरात अर्थमंत्री नवे विधेयक घेऊन उभे राहिले. त्यात कार्यालयाची व्याख्या अशी होती: “कंपनीचा माणूस जिथे रोज बसून काम करतो अशी जागा.” यातून जो कर मिळेल त्यातून आधी बंद पडणारे दवाखाने चालवू, असेही ते म्हणाले. बाके वाजली. मी टेबलावर होते, माझ्या पत्र्यातून तो आवाज झणझणत गेला. वाटले, देवाला डोळे आहेत.

विधेयक तपासायला दोन्ही बाजूंच्या खासदारांची समिती नेमली. पुरावा म्हणून मलाही समितीच्या खोलीत नेले आणि चहाच्या किटलीशेजारी ठेवले. तिथे मी जे ऐकले ते सांगते. तिथे कुणी ओरडत नव्हते, टेबलावर मूठ आपटत नव्हते. कंपन्यांची माणसे येत, नमस्कार करत, आणि इतक्या मऊ आवाजात बोलत की खिडकीतल्या चिमणीने दचकू नये.

पहिला म्हणाला, “‘रोज’ म्हटलंय. आमचा माणूस तापानं पडला तर ऑफिस नाहीसं होणार का?” समितीला पटले. ‘रोज’ गेला.

दुसरा म्हणाला, “‘बसून काम करतो’ म्हटलंय. आता विचार करणं हे काम की नाही, कुणी ठरवायचं?” समितीला तेही पटले. ‘काम करतो’ गेले. उरले ‘बसतो’.

तिसऱ्याने चहाचा घोट घेतला. “सुट्टीच्या दिवशी कुणीच बसत नाही. मग सुट्टीला कायदा मोडला म्हणायचं? ‘बसू शकेल’ करा. अर्थ तोच राहतो.”

“अर्थ तोच राहतो तर बदलता कशाला?” मास्तरीणबाईंनी विचारले.

समितीच्या अध्यक्षांनी मसुदा लिहिणाऱ्या जुन्या कारकुनाकडे पाहिले. कारकुनाने पेन्सिल कानावरून काढली आणि लिहिले. त्याच्या पेन्सिलीची कुरकुर मला ऐकू आली. सगळे उठून गेल्यावर तो बाईंना म्हणाला, “माझे जावई म्हणतात, मी नोकरी करू शकतो. सहा वर्षं झाली बाई. आमच्याच ताटात जेवतात.”

बाई हसल्या, पण डोळे भरले होते. समितीच्या अहवालाखाली त्यांनी एकटीने विरोधाची टीप लिहिली. दोन ओळींची. कारकुनाने ती स्वच्छ अक्षरात उतरवून घेतली.

मग प्रतोद आले. प्रतोद म्हणजे आपल्या पक्षाच्या खासदारांनी कसे मत द्यायचे ते सांगणारा आणि तसे दिले की नाही ते पाहणारा माणूस. गोड बोलणारे. त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

“ताई, विधेयक आपलंच आहे. घरच्या कार्याला घरचंच माणूस नाक मुरडणार?”

“कार्य कुणाचं आहे, भाऊ? मला तर मांडवात सगळी त्यांचीच माणसं दिसतात.”

“थोडं मिळालं तर थोडं घ्यावं. पुढच्या वेळी पुढचं.”

“थोडं काय मिळालं ते दाखवा. जुना कायदा ‘बसू शकेल’, नवा कायदा ‘बसू शकेल’. तुम्ही फक्त कागद बदलला.”

प्रतोदांनी हसू आवरते घेतले. “पुढच्या निवडणुकीला उमेदवारी पक्ष देतो, ताई. एवढं ध्यानात असू द्या.”

“आहे ध्यानात. मला खडू धरता येतो अजून.”

मित्रांनो, माझी ही गोष्ट ऐकून मला रंग द्या, माझी गंजलेली बिजागरी बदला, असे मी सांगणार नाही. पत्र्याने गंजायचेच असते. माझी विनंती वेगळी आहे. शब्दांची निगा राखा. मोठी माणसे वचन देतात तेव्हा त्यांच्या क्रियापदाकडे नीट बघा. ‘देतो’ म्हणतात की ‘देऊ शकतो’? ‘करतो’ म्हणतात की ‘करता येईल का ते पाहतो’? पुस्तकात याला व्याकरण म्हणतात आणि तुम्हांला त्याचा कंटाळा येतो. पण त्या एका शब्दावर आमच्या गावचा दवाखाना उभा होता. कुणी कर बुडवला म्हणजे सरकारची तिजोरी रिकामी झाली, असे समजू नका. सिस्टरच्या कपाटातला कापूस संपला, असे समजा. आणि एखाद्या दारावर मोठी पाटी दिसली, तर आत कोण बसते ते विचारायला लाजू नका.

आज विधेयकावर मतदान आहे. सकाळी मला समितीच्या खोलीतून सभागृहात आणायच्या आधी बाई एकट्याच तिथे आल्या. त्यांनी सिस्टरला फोन लावला. सिस्टरचा आवाज मला किटलीशेजारी स्पष्ट ऐकू आला.

“यायचं होतं हो बाई, वर सज्जात बसून बघायचं होतं. पण लसीचा वार आहे. रांग लागलीय.”

“तुम्ही रांग सांभाळा,” बाई म्हणाल्या. “पाणी प्यालात का?”

“प्याले आत्ताच. पहिलं बाळ रडून गेलं.”

एवढेच बोलणे झाले. दिलेल्या शब्दाची आठवण सिस्टरने करून दिली नाही, बाईंनीही त्याचे नाव काढले नाही.

आता मी सभागृहाच्या टेबलावर आहे. अर्थमंत्री बोलून खाली बसले. करबुडव्यांचे कंबरडे मोडणारा कायदा, असे ते म्हणाले. बाके पुन्हा वाजली. विरोधी पक्षाच्या नेत्यांनी सरकारला खूप फैलावर घेतले आणि शेवटी म्हणाले, “तरीही देशहितासाठी आम्ही पाठिंबा देतो.” वरच्या सज्जात पत्तेवाले साहेब बसले आहेत. आज त्यांचे बूट मला दिसत नाहीत, नुसता चेहरा दिसतो. तो निवांत आहे.

अध्यक्षांनी विचारले, “व्याख्येच्या कलमाला अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे.”

“होय!” छप्पर दणाणले.

“प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे.”

“नाही.” एकच आवाज. वर्गात मागच्या बाकापर्यंत जाईल एवढा, त्याहून मोठा नाही.

“‘होय’चे बहुमत दिसते...”

“अध्यक्षमहोदय, मी मतविभागणी मागते.”

कुजबुज उठली. मतविभागणी म्हणजे प्रत्येकाने उठून चालत जायचे. ‘होय’वाल्यांनी उजव्या दाराने, ‘नाही’वाल्यांनी डाव्या दाराने. तिथे नाव लिहून घेतात आणि ते कायमचे राहते. घंटा वाजली. दोन्ही बाजूंचे खासदार उठले, एकमेकांच्या पाठीवर हात ठेवत उजवीकडे निघाले. डाव्या दाराशी नावे लिहायला बसलेला कारकून कोऱ्या कागदावर तळहात ठेवून वाट पाहतो आहे. तो तोच आहे, समितीतला.

मास्तरीणबाई उठल्या. त्यांनी आपले कागद नीट जुळवले, चष्मा पुसून डोळ्यांवर घातला. उजवीकडे जाणाऱ्या गर्दीतून वाट काढत त्या टेबलापाशी आल्या. प्रतोदांनी मध्ये येऊन हळूच म्हटले, “ताई, दार चुकताय.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली, पदर सावरला, आणि डावीकडे चालू लागल्या.